चौदाव्या थरातली नवरा-बायको

"या ट्रेला हात कोणी लावला?"

"मी," मी म्हटलं.

डॉक्टर हर्डीकरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातलं भिंग तसंच धरून त्यांनी सबनीससाहेबांना विचारलं, "ही बाई कोण?"

"यल्लूबाई. आमच्या विभागात दगड साफ करतात."

"साफ भांडी करतात," मी म्हटलं. "मी दगड उघडते."

माझ्या मागे मृदुला उभी होती. तिनं हळूच माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला. तोंड कधी मिटायचं ते मला कळतं, त्यासाठी कुणी पदर ओढायची गरज आजवर पडलेली नाही. माझ्या तिन्ही सुनांना विचारा.

हर्डीकर सत्तरी ओलांडलेले. गळाबंद कोट, पायात कॅनव्हासचे बूट, आवाज असा की समोरचा आपोआप सरळ उभा राहावा. तरुणपणी उंटावरून कच्छचे डोंगर हिंडून त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. आमच्या कॉलेजातल्या कपाटात जेवढे म्हणून शिंपले दगड होऊन पडले होते, त्यांची नावं त्या पुस्तकातली आणि डोंगराच्या थरांचे नंबरही त्यातलेच. मृदुला चौबळनं चार वर्षं राबून प्रबंध लिहिला होता आणि तो तपासायला हेच आले होते. दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा. त्याआधी नमुने डोळ्यांनी बघतो म्हणाले, आणि पहिलाच ट्रे ओढला तो चौदा नंबरचा.

ट्रेमध्ये कापसावर मोठे शंख होते, ताटलीएवढे, आणि त्यांच्याशेजारी लहान, पेढ्याएवढे. दोन्ही मेंढ्याच्या शिंगासारखे वेढे घेतलेले.

"सबनीस, हा मोठा चौदाव्या थरातला आणि हा लहान अकराव्यातला," हर्डीकर म्हणाले. "मध्ये लाखो वर्षांचं अंतर आहे. हे एका ट्रेमध्ये आले कसे? आणि वर ही मुलगी लिहिते की या दोन वेगळ्या जाती नाहीतच, एकाच जातीचे नर आणि मादी आहेत! गोण्या मिसळल्या असणार, दुसरं काय. मिसळलेल्या गोण्यांवर कुणी डॉक्टर होत नाही."

"गोण्या मिसळलेल्या नाहीत," मी म्हटलं.

"मी सबनीसांशी बोलतोय."

"गोण्या सबनीससाहेब उघडत नाहीत."

साहेबांनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि हर्डीकरांना चहाला घेऊन गेले. आम्ही दोघी तिथंच राहिलो. मृदुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी तिथं कशी पोचले ते सांगते. आम्ही पाथरूट. पाटे-वरवंटे, जाती, उखळं घडवणारी माणसं. माझ्या हातात खुळखुळ्याच्या आधी छिन्नी आली असेल. शाळा दुसरीपर्यंत. सही येते, आकडे पक्के आहेत, वाचायला वेळ लागतो पण वाचते. मालक तिम्मा वारल्यावर मी खांद्याला झोळी अडकवून गल्लोगल्ली "टाकी लावायची का पाट्याला" म्हणून ओरडत हिंडायची. घराघरात मिक्सर यायला लागले होते आणि बायका दारातूनच हात हलवायच्या. सबनीसबाईंकडे मात्र पाटा होता. एकदा तिथं टाकी लावत बसले होते, तर साहेब पडवीत एका पिवळट दगडावर हातोडी घालत होते. आत शंख होता. प्रत्येक घावाला त्याचा एक तुकडा उडत होता. मला बघवेना.

"द्या इकडं," मी म्हटलं. "दगडाला मारायचं नसतं. तो कुठून उघडतो ते विचारायचं असतं."

दगड कानाशी धरला, नखानं वाजवला, शीर सापडली. सात-आठ हलके घाव आणि शंख अख्खा बाहेर. साहेब खुळ्यासारखे बघत बसले. पुढच्या आठवड्यात मी कॉलेजात रोजंदारीवर लागले. त्या दिवसाला अकरा वर्षं झाली होती.

अकरा वर्षांत मी दर थंडीत त्यांच्याबरोबर कच्छला गेले. तिथं आता गवतसुद्धा धड उगवत नाही आणि साहेब म्हणायचे, यल्लूबाई, इथं समुद्र होता, आणि हे शंख म्हणजे माकूळ माशाच्या भाऊबंदांची घरं. पहिल्या वर्षी मला ती थट्टा वाटली. मग हात बसला तसा डोळाही बसला. वरची साल गेली की खाली आतल्या खोल्यांच्या भिंतींच्या रेघा दिसतात. रेघ साधी, लाटेसारखी वळलेली असेल तर तो नॉटिलस. रेघेला वेलबुट्टी असेल, फांदीला फांदी फुटलेली, तर अमोनाइट. बंदुकीच्या गोळीसारखा लांबट तो बेलेम्नाइट. अमोनाइटात तर किती तऱ्हा! कुणाच्या पाठीवर करवतीसारखी धार, कुणी उंबरासारखा फुगीर, कुणी भाकरीसारखा चपटा, कुणाच्या अंगावर लुगड्याच्या निऱ्या आणि प्रत्येक निरी टोकाला तीन ठिकाणी फुटलेली. साहेबांची नावं लांबलचक होती. माझी मला पुरायची.

कामाची रीत माझी होती. एका वेळी एकच गोणी. थराचा नंबर दगडावर तेलरंगानं घातलेला असायचा. एक गोणी पोत्यावर ओतली की तिचा शेवटचा खडा ट्रेमध्ये जाऊन कपाटाला कुलूप लागेपर्यंत दुसरीचं तोंड उघडायचं नाही. एकदा शिपायानं झाडताना माझ्या पोत्याला केरसुणी लावली, तर त्याला मी असा झाडला की तो आठवडाभर जिन्यावरून खाली उतरला नाही. आणि मला म्हणे गोण्या मिसळल्या!

त्या दोन शंखांचं मीच मृदुलाला सांगितलं होतं. दोन वर्षं झाली होती त्याला. मोठे आणि लहान जिथंतिथं जोडीनं सापडायचे. ती म्हणाली, "लहान ती पिल्लं असतील, मावशी."

"पिल्लं कशी? तोंडाशी बघ. हे दोन कान फुटलेत ते बघ. आतल्या खोल्या शेवटी कशा दाटीनं आल्यात ते बघ. वाढायचं थांबलंय ते. अंगानं लहान आहे, पण वयानं नाही."

"मग काय आहे?"

"नवरा आहे तिचा. त्यात नवल काय? आमचा तिम्मा माझ्या खांद्याला लागायचा. लग्नात भटजीनं त्याला धाकटा भाऊ समजून बाजूला बसवला होता."

ती इतकी हसली की तिच्या हातातलं भिंग पडलं. पण नंतर सहा महिने एकेक शंख मोजत बसली. बाहेरदेशातल्या कुणी गोऱ्यांनीही अशा जोड्या धरल्यात असं तिला कुठंतरी वाचायला मिळालं. कच्छच्या या शंखांचं मात्र कुणी म्हटलं नव्हतं. पोरगी चिवट. तिनं ते लिहिलं.

चहा झाल्यावर साहेबांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर एक कागद होता, टाइप केलेला. मृदुलाही होती, खिडकीकडे तोंड करून.

"यल्लूबाई, बसा."

मला त्या खोलीत बसा म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी उभीच राहिले.

"हर्डीकर ऐकायला तयार नाहीत. प्रबंध नापास करीन म्हणतात. मी फार विनवलं. शेवटी म्हणाले, चूक गोण्यांची आहे असं लेखी आलं तर ते एक प्रकरण गाळून बाकी प्रबंध मंजूर करतील. तुमची सही लागेल. तुमच्या कामाला धक्का लागणार नाही, माझा शब्द आहे."

"वाचून दाखवा."

"तुम्हाला वाचता येतं की."

"येतं. पण तुम्ही लिहिलंय, तुम्हीच वाचा."

त्यांनी चष्मा पुसला. मग खालच्या आवाजात वाचलं, "मी, यल्लूबाई तिम्मा पाथरूट, लिहून देते की माझ्या अशिक्षितपणामुळे व निष्काळजीपणामुळे अकरा व चौदा या थरांचे नमुने—"

"थांबा. अशिक्षितपणामुळे का?"

"तसं लिहायची पद्धत असते."

"माझ्या अशिक्षितपणाला अकरा वर्षं किल्ली दिलीत तुम्ही कपाटाची. तेव्हा पद्धत कुठं होती?"

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगते. माझ्या थोरल्याला टायफॉइड झाला तेव्हा रात्रभर दवाखान्यात बसलेला माणूस तो. म्हणून तर ते जास्त झोंबलं.

मी मृदुलाकडे वळले. "तू काय म्हणतेस गं?"

ती वळली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "मी काय म्हणू, मावशी? सही करा असं मी म्हणणार नाही. करू नका असं म्हणायची माझी हिंमत नाही. घरी बाबा सांगतात, आता पुरे झालं, स्थळं बघतो. उद्या नापास झाले तर संपलं सगळं."

"म्हणजे मी करावी असं वाटतंय तुला."

ती रडायला लागली. मला तिचा राग आला आणि तिची मायाही वाटली, दोन्ही एकदम. मी कागद उचलला.

"कुठं निघालात?" साहेब उठले.

"ज्याला हवाय त्याला विचारून येते."

हर्डीकर प्रयोगशाळेतच होते, खिडकीशी. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"सही केली का?"

"करते. आधी एक सांगा. ते लहान शंख तुम्हाला कच्छात कुठं मिळाले?"

मागून साहेब आणि मृदुला धावत आले. हर्डीकरांनी भुवया चढवल्या. मग बहुधा गंमत वाटली असावी. "पुस्तकात लिहिलंय. टेकडीच्या दक्षिणेला, पायथ्याशी. तिथं अकरावा थर उघडा पडलेला आहे."

"ती टेकडी मी बघितलीय, वर चौदावा थर आहे. खडकातून काढलेत की पडलेले उचललेत?"

"म्हणजे?"

"छिन्नी लावून काढलेत, की खाली पडलेले वेचलेत?"

त्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. खोटं बोलणारा माणूस नव्हता, तेवढं मला त्यातच कळलं.

"वेचले," ते म्हणाले. "सात-आठ होते. सुटे पडलेले."

"साहेब, आमच्या खाणीत शेंबडं पोरही पायथ्याचा खडा उचलून पायथ्याचा म्हणत नाही. तो वरच्या कपारीतून गडगडत आलेला असतो. लग्नाच्या मांडवात जेवायला बसलेला प्रत्येकजण काय घरचा असतो?"

"यल्लूबाई!" सबनीससाहेब ओरडले.

"बोलू द्या त्यांना," हर्डीकर म्हणाले. पहिल्यांदा माझ्याकडे बघून. "बाई, हा तुमचा तर्क झाला. वरून आले असतील. नसतीलही. पुरावा कुठाय?"

"गोणीत आहे."

या थंडीतली चौदा नंबरची एक गोणी अजून उघडलेली नव्हती. ती उभ्या खडकातून काढलेली, आणि डोंगरावरच मृदुलानं दाभणानं शिवलेली. मी ती ओढत आणून त्यांच्या बुटांपाशी ठेवली.

"टाका तुम्ही कापा. दगडही तुम्हीच निवडा. उद्या कुणी म्हणायला नको."

त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. टाका कापला आणि नारळाएवढा एक दगड काढून दिला. त्यावर साहेबांच्या हातचा १४ होता. मी पोत्यावर बसले, दगड पाण्यात बुचकळला, वाजवला, उघडला.

आत फक्त बेलेम्नाइटच्या गोळ्या आणि चुरा झालेले शिंपले.

"दुसरा द्या."

दुसऱ्यात एकटा मोठा. माझ्या कानामागून घाम उतरायला लागला होता, पण तो मी पुसला नाही. पुसला असता तर त्यांना दिसला असता. मृदुला भिंतीला टेकून उभी होती, ओढणीचं टोक दातात धरून.

तिसरा दगड बद्द वाजला. असा दगड अवघड, त्याला शीर सापडत नाही. दोनदा उलटा-सुलटा केला, मग एका अंगाला बारीकशी रेघ लागली. तिच्यावर पाव घाव, अर्धा घाव. दगड भाकरी मोडावी तसा मोडला. आत मोठी होती आणि तिच्या कुशीला चिकटून लहान, दोन्ही कान शाबूत.

मी दोन्ही अर्धुकं त्यांच्या हातात दिली. चौथ्या दगडातही जोडी निघाली.

हर्डीकर खिडकीशी जाऊन बराच वेळ बघत राहिले. परत आले ते म्हणाले, "गोण्या मिसळलेल्या नाहीत. मान्य."

मृदुलानं हुंदका दिला.

"पण," त्यांनी बोट वर केलं, "एका थरात राहतात म्हणून नर-मादी झाले का? एका चाळीत दोन भाडेकरूही राहतात, बाई. त्यांचं काही लग्न लागलेलं नसतं."

मला हसू आलं. त्या दिवसात पहिल्यांदा माणूस माझ्याशी बरोबरीनं भांडत होता.

"भाडेकरूंचं बालपण सारखं नसतं," मी म्हटलं आणि कपाट उघडलं.

चौदा नंबरच्या ट्रेमध्ये एक मोठी होती, माझ्या हातची सगळ्यांत देखणी. पंधरा दिवस खपून काढलेली, एक निरी तुटलेली नव्हती. साहेब ती काचेत ठेवणार होते. मी ती पोत्यावर ठेवली आणि छिन्नी उचलली.

"यल्लूबाई, नको!" साहेबांनी माझा हात धरला. "तिच्यासारखी दुसरी नाही."

"माझ्या सहीसारखी तरी दुसरी कुठाय?" मी म्हटलं. त्यांनी हात सोडला.

बाहेरचा वेढा काढला. त्याच्या आतला काढला. तिसरा. तुकडे पोत्यावर पडत होते, पण मी थांबले नाही. शेवटी पेढ्याएवढा मधला भाग उरला, म्हणजे तिचं लहानपण. त्याच्याशेजारी मी लहान शंख ठेवला.

"मोजा निऱ्या."

हर्डीकरांनी एक घेतला, दुसरा मृदुलाच्या हातात दिला. दोघंही ओठ हलवत मोजत होते, देवळात जप करावा तसे.

"अठ्ठेचाळीस," मृदुला म्हणाली.

"सत्तेचाळीस," हर्डीकर म्हणाले. "फुटतातही त्याच जागी. तीन-तीन." त्यांनी शंख बदलून परत मोजले. "फरक फक्त टोकाला आहे."

"लहानाला कान आहेत, आणि शेवटच्या खोल्या दाटलेल्या आहेत," मी म्हटलं. "तो तिथं थांबला. ही पुढं वाढत गेली."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले.

"लहानाचं नाव मी माझ्या गुरुजींवरून ठेवलं होतं," ते म्हणाले. कुणाला सांगितलं कोण जाणे. "ते वारले त्या वर्षी."

"मग राहू द्या की. नवऱ्यालाही नाव लागतंच."

"तसं नसतं, बाई. जात एकच निघाली तर दोन्हींतलं जुनं नाव टिकतं. मोठीचं नाव माझ्याही आधीच्या एका साहेबानं ठेवलेलं आहे. आता दोघांना तेच."

"म्हणजे बायकोचं नाव नवऱ्याला लागणार?"

"हो."

"बरं झालं. कुठंतरी लागलं."

ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. मग खिशातून पेन काढून तो टाइप केलेला कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं की चौदाव्या थराची गोणी आपल्या समक्ष उघडली, नमुने मिसळलेले नाहीत, आपली जुनी नोंद पायथ्याशी वेचलेल्या नमुन्यांवर होती. खाली सही केली. सबनीससाहेब कागद घ्यायला पुढं झाले, तर हर्डीकरांनी तो माझ्या हातात दिला.

"वाचता येतं ना?"

"येतं," मी म्हटलं, आणि त्यांना उभं ठेवून सावकाश, एकेक अक्षर लावत, सगळा वाचला.

दुसऱ्या दिवशी मृदुला पास झाली. दोन तास हर्डीकरांनी तिला असं भाजून काढलं की ती बाहेर आली तेव्हा नीट चालतासुद्धा येईना, पण नर-मादीचं प्रकरण एका ओळीनंही गाळलं नाही.

लोक विचारतात, एवढं झाल्यावर त्या साहेबांकडे परत कशी गेलीस? सुना तर अजून विचारतात. का जाऊ नये? काम माझं होतं. सोमवारी नऊच्या ठोक्याला माझं पोतं खिडकीखाली पसरलेलं होतं. पोत्यावर बसूनच मी साहेबांना एवढं सांगितलं, "पुन्हा माझ्या नावानं काही लिहायचं झालं तर मला विचारून लिहा." ते हो म्हणाले. त्यानंतर मी तिथं चौदा वर्षं काढली आणि त्यांनी तो शब्द पाळला.

त्याच सोमवारी दुपारी मृदुला कोपऱ्यातल्या टाइपरायटरवर प्रबंधाची दुरुस्त पानं करत होती. साहेब येऊन म्हणाले, "मृदुला, शेवटी आभाराच्या पानावर यल्लूबाईंचं नावही घाल. शिपाईमामांच्या खाली."

"आभार कशाचे?" मी विचारलं.

"तुम्ही मदत केलीत म्हणून."

मी छिन्नी ठेवली आणि मृदुलाच्या मागे जाऊन उभी राहिले. यंत्रातल्या पानावर दर चार ओळींनंतर कंसात कुणाचं ना कुणाचं आडनाव होतं. हर्डीकरांचं तर तीनदा.

"ही नावं कसली गं?"

"ज्यानं ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याचं नाव द्यायचं असतं, मावशी. नाहीतर ती चोरी होते."

"आणि पुस्तक न लिहिता नुसतंच तोंडानं सांगितलं असेल तर?"

मृदुला साहेबांकडे बघायला लागली. साहेब जमिनीकडे.

"तरी देतात," ते म्हणाले. "नावापुढं 'तोंडी माहिती' असं लिहायचं."

"मग नवरा-बायकोचं ते कुठल्या पानावर आहे?"

"एकशे बारा," मृदुला म्हणाली. तिनं यंत्रातलं पान काढलं, दुसरं घातलं, फिरवत ओळीपर्यंत आणलं. "पूर्ण नाव घालते, मावशी. यल्लूबाई तिम्मा पाथरूट."

"तिम्मा नको."

"का हो?"

"चांगला माणूस होता. पण हे त्यानं नाही सांगितलं, मी सांगितलं. यल्लूबाई पाथरूट. घाल."